माझा बुटका आणि अण्णाचा लांबड्या

माझ्या थोरल्या भावाशी, म्हणजे अण्णाशी, मी तीस वर्षं एकाच विषयावर भांडतो आहे. विषय घराचा नाही, आईच्या दागिन्यांचा नाही, कोणाच्या लग्नात कोणाला बोलावलं नाही याचाही नाही. जुन्या काळचा हेवीवेट बॉक्सिंग चॅम्पियन आणि आजचा हेवीवेट चॅम्पियन एका रिंगमध्ये उभे केले तर जिंकणार कोण, एवढाच विषय. त्यातला एक कधीच मरून गेलेला आहे, आणि दुसरा या जन्मी बेंगळुरूला येण्याची शक्यता नाही. तरी या दोघांपायी मी व्हाइटफील्डला अण्णाच्या जेवणाच्या टेबलावरून दोनदा अर्धं ताट टाकून उठलो आहे.

माझा चॅम्पियन बुटका. काळ्यापांढऱ्या फिल्ममधला, आखूड हातांचा, जाड मानेचा. आजचे नियम लावले तर तो हेवीवेटमध्ये बसणारसुद्धा नाही, त्याच्या वजनासाठी आता खालचा वेगळा गट काढला आहे. पण समोरच्याच्या छातीशी वाकून आत घुसायचा आणि पंधरा राउंड तसाच घुसत राहायचा. अण्णाचा चॅम्पियन लांबड्या. आजचा, म्हणजे त्या त्या वेळचा. माणूस बदलतो, पण दरवेळी दाराच्या चौकटीत वाकून यावं लागेल इतका उंच, आणि वजनाने माझ्या बुटक्याच्या दीडपट. डावा हात नुसता पुढे धरून उभा राहिला तरी समोरचा त्याच्यापर्यंत पोचत नाही. ही नावं वैनीने ठेवली. परदेशी नावं ऐकून तिचे कान किटले होते. एका रविवारी भाजी वाढता वाढता ती म्हणाली, "भावजी, तुमच्या बुटक्याला आणि यांच्या लांबड्याला आता स्वल्प बाहेर बसवा, आमटी गार होतेय." तेव्हापासून आमच्या घरात त्यांची खरी नावं कोणी घेत नाही.

मी म्हणतो, मूर्ती लहान पण कीर्ती महान. अण्णा म्हणतो, बळी तो कान पिळी. मी म्हणतो, पंधरा राउंडची सवय असलेल्या माणसासमोर आजचा माणूस दहाव्या राउंडला धापा टाकेल. अण्णा म्हणतो, बरोबर आहे, पण तुझा बुटका दहाव्यापर्यंत उभा राहिला तर ना. मी म्हणतो, तेव्हाचे ग्लव्हज लहान असत, एक ठोसा बसला की काम झालं. अण्णा म्हणतो, हेही बरोबर, पण बसवणार कुठे, गुडघ्याला? मी म्हणतो, बुटका आज जन्मला असता, आजचा खुराक मिळाला असता, आजचा कोच मिळाला असता, तर तोही भरला असता. यावर अण्णा शांतपणे ताक पितो आणि म्हणतो, "मग तो बुटका राहिला कुठे?"

हा त्याचा जो शांतपणा आहे ना, त्याने माझ्या डोक्यात तिडीक जाते. आवाज चढवून भांडणारा माणूस परवडतो. अण्णा प्रत्येक मुद्दा मान्य करतो. चपळाई मान्य, दम मान्य, हिंमत मान्य. सगळं मान्य करून शेवटी मान हलवतो आणि म्हणतो, "वजन ते वजनच रे." पालथ्या घड्यावर पाणी. मी जुन्या लढतींचे व्हिडिओ शोधून पाठवतो, त्यात लहान माणूस मोठ्याला आडवा करताना दिसतो. अण्णा ते पाहतो, अंगठा पाठवतो, आणि रविवारी पुन्हा वजन ते वजनच.

मधे त्याच्या शेजारी पुण्याहून आलेला एक तरुण इंजिनिअर राहायला आला. चांगला मुलगा, पण त्याला वाटलं हा प्रश्न सुटण्यासारखा आहे. त्याने कॉम्प्युटरवरच्या एका गेममध्ये दोघांची उंची, वजन, हातांची लांबी सगळं भरलं आणि दोघांना शंभर वेळा झुंजवलं. मग लॅपटॉप घेऊन आला आणि म्हणाला, "काका, बेसिकली डिपेंड करतं. रूल्स कुठल्या काळाचे घेता त्यावर रिझल्ट बदलतो." त्याचं चुकलं नव्हतं. पण मला त्याला बाल्कनीतून खाली ढकलावंसं वाटलं, आणि अण्णाचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे. डिपेंड करतं हे मला तीस वर्षांपूर्वीच माहीत होतं. मला अण्णाच्या तोंडून एवढंच ऐकायचं होतं की बुटका जिंकू शकतो. शंभरात एकदा तरी.

हे मला का ऐकायचं होतं, ते आता सांगायला हवं.

मी स्वतः हेवीवेट होतो. एकाच दिवसापुरता.

आमची घरं बेंगळुरूत तीन-साडेतीनशे वर्षांपासून. घरात मराठी, दारात कन्नड, आणि दोन्हींची सरमिसळ तोंडात. वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो आणि अण्णा एकोणीस वर्षांचा. तो एका खाजगी कंपनीत कारकून लागला आणि घर त्याच्यावर आलं. अण्णाला बॉक्सिंगचं वेड होतं, पण अंगाने काडी. त्यामुळे त्याने ते वेड माझ्यावर काढलं. मी कॉलेजात गेलो तोवर अण्णा सायकलवर मला डबलसीट घेऊन हेब्बाळकडच्या एका शेडमध्ये सरावाला न्यायचा, आणि लढतीच्या वेळी माझ्या कोपऱ्यात पाण्याची बाटली आणि टॉवेल घेऊन उभा असायचा. मी बरा होतो. फार बरा नव्हे, पण बरा.

बीकॉम होऊन दोन वर्षं झाली तरी मला नोकरी नव्हती. मग अण्णाने पेपरात जाहिरात पाहिली. एका मोठ्या कारखान्यात स्पोर्ट्स कोट्यातून भरती होती आणि अट होती राज्य पातळीवरच्या पदकाची. माझं वजन तेव्हा अठ्ठ्याहत्तर किलो. त्या गटात लष्करातली आणि पोलिसांतली चांगली दहा-बारा पोरं असायची. तिथे मला पदक मिळणं म्हणजे वाळूचे कण रगडून तेल काढण्यापेक्षाही अवघड होतं. पण एक्क्याऐंशी किलोच्या वर हेवीवेट सुरू व्हायचं, आणि आमच्याकडे हेवीवेटमध्ये माणसंच नसायची. दोन, फार तर तीन नावं. दोनच असली तर थेट फायनल. हरलास तरी सिल्व्हर.

अण्णाने हे सगळं कागदावर मांडलं नाही, पण डोक्यात पक्कं मांडलं. महिनाभर मला भात, तूप आणि शेंगदाणे घालून त्याने ऐंशीच्या जवळ आणलं. वजनाच्या दिवशी सकाळी दोन डझन पच्चबाळे, म्हणजे हिरव्या सालीची मोठी केळी, आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन तो स्टेडियमच्या पायरीवर बसला. आजूबाजूला बाकीची पोरं वजन उतरवण्यासाठी प्लास्टिक गुंडाळून धावत होती, डब्यात थुंकत होती, एकेका घोटासाठी तळमळत होती. आणि त्यांच्यासमोर मी केळी खात होतो. एकाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पाठ फिरवून खाल्ली. अकराव्या केळ्याला मला उमासा आला. अण्णा म्हणाला, "गिळ. वर आलं तर परत गिळ." काट्यावर मी एक्क्याऐंशीच्या जेमतेम पुढे गेलो आणि हेवीवेट झालो.

संध्याकाळी फायनल. समोर होसकोटेकडचा एक मुलगा. दोनच नावं होती.

पहिल्या राउंडमध्ये त्याने मला मारलं, हे मान्य. माझं पोट जड होतं, पाय उचलत नव्हते. पण दुसऱ्या राउंडमध्ये मला लय सापडली. मी वाकून आत गेलो, त्याच्या बरगड्यांवर डावा उजवा डावा, आणि त्याचा श्वास फुटल्याचा आवाज मला कानाशी ऐकू आला. तो मागे सरकला. मी पुन्हा आत गेलो. आणि तेवढ्यात माझ्या डोळ्यांसमोरून काहीतरी पांढरं गेलं आणि रेफ्रीने मला मिठीत धरलं. मला वाटलं मी जिंकलो. मग खाली पाहिलं. आमच्या घरचा, आईने कडेला लाल दोऱ्याची खूण घातलेला टॉवेल मॅटवर पडला होता. अण्णाने माझी हार मान्य केली होती.

परतीच्या बसमध्ये मी त्याच्याशी बोललो नाही. तोच बोलला. म्हणाला, त्याचं अंग पाहिलंस ना, डोंगर होता नुसता, तिसऱ्या राउंडमध्ये तुला त्याने फोडला असता, वजन ते वजनच. त्या दिवशी हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

सिल्व्हर पुरलं. नोकरी लागली, वैद्यकीय तपासणीत पास झालो, आजही मी त्याच कारखान्याच्या तपासणी विभागात आहे. त्या पदकावर माझं लग्न झालं, घर झालं, मुलीचं शिक्षण झालं. अण्णाने माझं वाईट केलं असं म्हणायला मला तोंड नाही. म्हणूनच टॉवेलबद्दल मी त्याला सरळ कधी विचारलं नाही. ज्याचं खावं मीठ त्याच्याशी कसं भांडावं. मग मी बुटक्याला धरलं. बुटका लांबड्याला हरवू शकतो, असं अण्णाने एकदा कबूल केलं असतं तर मी मनातल्या मनात पुढचं वाक्य स्वतः जोडून घेतलं असतं. पण त्याने ते कधी कबूल केलं नाही. आणि दर वर्षी होसकोटेचा तो मुलगा आमच्या बोलण्यात थोडा थोडा वाढत गेला. आधी डोंगर, मग राक्षस, मग रिंगची दोरी ज्याच्या मांडीला लागत होती असा. मीही ते वाढू दिलं. समोरचा जेवढा मोठा, तेवढं माझं त्याला मागे सरकवणं मोठं. यात माझाही दोष आहे, तो मी नाकारत नाही.

दोन महिन्यांपूर्वी होसकोटेला कॉलेजांच्या बॉक्सिंग स्पर्धा होत्या. मी रविवारी अशा स्पर्धांना जज म्हणून जातो. टेबलावर घंटेपाशी वेळ मोजायला एक टक्कल पडलेले, पोट सुटलेले गृहस्थ बसले होते. जेवणाच्या सुट्टीत चित्रान्नाची, म्हणजे फोडणीच्या लिंबूभाताची, प्लेट घेऊन ते माझ्याजवळ आले आणि कन्नडमध्ये म्हणाले, सर, तुम्ही मला ओळखलं नाहीत. मी खरंच ओळखलं नव्हतं. ते उभे होते, मीही उभा होतो, आणि त्यांच्या टकलाचा वरचा भाग माझ्या कानाच्या पातळीला होता.

मग त्यांनी त्या स्पर्धेचं, त्या स्टेडियमचं नाव सांगितलं.

मी म्हटलं, शक्य नाही. ते हसले. म्हणाले, माणूस वयाने थोडा आखडतो सर, पण एवढा नाही. मी तेव्हाही एवढाच होतो, तुमच्याहून पाच-सहा बोटं कमी. वजनही तुमच्यासारखंच, अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी. आमच्या मास्तरांनीही मला पदकासाठीच वरच्या गटात घातलं होतं.

म्हणजे त्या संध्याकाळी राज्याच्या हेवीवेट फायनलमध्ये दोन पोट फुगलेली पोरं एकमेकांना मारत होती. हेवीवेट कोणीच नव्हतं. माझ्या हातातली प्लेट तिरकी झाली आणि चित्रान्न सांडलं. तेही त्यांनीच खाली वाकून उचललं.

पण ते तिथे थांबले नाहीत. चांगल्या माणसाला एकदा जुनी आठवण सांगायची असली की तो थांबत नाही. म्हणाले, त्या सकाळी मी काट्यावर कमी भरलो होतो. अर्धा तास उरला होता. मास्तर वैतागून निघून गेले आणि मी पायरीवर रडत बसलो. तेव्हा तुमचे अण्णा आले. त्यांच्या पिशवीत केळी उरली होती. त्यांनी स्वतः सोलून सोलून मला खायला घातली, बाटलीतलं पाणी पाजलं. मी विचारलं, मी तर तुमच्या भावासमोर उभा राहणार, मला का देता? तर म्हणाले, तू वजनात बसला नाहीस तर माझ्या भावाला लढतच नाही, आणि लढत न खेळता मिळालेलं पदक भरतीत धरत नाहीत. खा.

मला भरून आलेलं त्यांना दिसलं असावं. त्यांना वाटलं मी कृतज्ञतेने भारावलो. म्हणाले, त्या गोल्डवर मी शाळेत पीटी मास्तर लागलो सर. तुमच्या अण्णांना माझा नमस्कार सांगा.

त्यांनी शेवटी एक प्रश्न विचारला. तो त्यांनी इतक्या निरागसपणे विचारला की मला त्यांचा राग येणंही शक्य नव्हतं. म्हणाले, एक गोष्ट मला आजपर्यंत कळली नाही. दुसऱ्या राउंडला मी संपलो होतो. पडायचं कुठे, ती जागा शोधत होतो. पुढचा ठोसा बसला की खाली बसायचं असं ठरवलंही होतं. आणि टॉवेल आला तो तुमच्या बाजूने. तुम्हाला काही लागलं होतं का?

मी म्हटलं, हो, लागलं होतं.

दुपारच्या लढतींना दुसरा जज बसवा असं संयोजकांना सांगून मी स्कूटर काढली. होसकोटेहून व्हाइटफील्ड तसं जवळ, पण रविवार असूनही रस्ता तुंबलेला. एका ट्रकमागे अर्धा तास उभा राहून मी हेल्मेटच्या आत मोठमोठ्याने बोलत होतो. अण्णाला काय काय विचारायचं त्याची उजळणी करत होतो. शेजारच्या ऑटोवाल्याने माझ्याकडे पाहून मान हलवली. मी काच खाली केली आणि तरीही बोलत राहिलो. बावन्न वर्षांचा माणूस, घरी मुलगी लग्नाची, आणि मी एका टॉवेलसाठी हेल्मेटमध्ये ओरडत होतो. त्याची लाज वाटत होती आणि थांबताही येत नव्हतं.

अण्णाने दार उघडलं. गुडघ्यांमुळे आता तो भिंतीला धरून चालतो. म्हणाला, "ये. आज बुटका काय म्हणतो?"

मी आत जाऊन बसलो नाही. म्हटलं, "होसकोटेला तुझा डोंगर भेटला."

अण्णाने माझ्याकडे पाहिलं. मग वैनीला आतून कॉफी आणायला सांगितलं, म्हणजे ती दोन मिनिटं आत राहील. एवढ्यावरून मला कळलं की त्याला सगळं आठवतं आहे.

"कसा आहे?" त्याने विचारलं.

"माझ्या कानापर्यंत येतो. तुला नमस्कार सांगितलाय. तू केळी सोलून दिलीस म्हणून."

अण्णा खुर्चीत बसला. तो गुडघा चोळू लागला. मला वाटलं होतं तो काहीतरी सारवासारव करेल. तशी उत्तरंही मी स्कूटरवर तयार ठेवली होती. ती वापरायची वेळच आली नाही. मग मीच विचारलं, सरळ, तीस वर्षांत पहिल्यांदा. "दुसऱ्या राउंडला मी जिंकत होतो का?"

"जिंकत होतास," अण्णा म्हणाला. "तो पडणार होता. मला दिसत होतं."

हे वाक्य ऐकायला मी इतकी वर्षं थांबलो होतो. मला वाटायचं, ते ऐकलं की छातीवरचं काहीतरी उतरेल. उतरलं नाही. उलट मला इतका संताप आला की मी पाठीमागे हात बांधून उभा राहिलो.

मग त्याने सांगितलं. मी विचारायच्या आत, खालच्या आवाजात, एकदाच. गोल्ड म्हणजे राष्ट्रीय स्पर्धा. तिथे हेवीवेटमध्ये खरेखुरे नव्वद किलोचे गडी, लष्करातले, वर्षभर फक्त तेच करणारे. आदल्या वर्षी तो एका मित्राबरोबर ती स्पर्धा बघायला गेला होता. तिथे असाच वजन चढवून वरच्या गटात आलेला एक मुलगा पडला, आणि उठला नाही. त्याला स्ट्रेचरवरून नेलं. पुढे त्याचं काय झालं ते अण्णाला कधी कळलं नाही, आणि त्याने विचारायचंही टाळलं. आम्हाला सिल्व्हर पुरत होतं. गोल्ड मिळालं असतं तर मी गेल्याशिवाय राहिलो नसतो. अण्णाचं ऐकलं नसतं, आईचंही नसतं.

हे खरं होतं. मी गेलोच असतो.

आता मला कळलं की तो बुटक्याला एकदाही का जिंकू देत नव्हता. शंभरात एकदा जरी बुटका जिंकू शकत असता, तर त्या संध्याकाळी अण्णाने माझं काढून घेतलं होतं. बुटका कधीच जिंकू शकत नसेल, तरच त्याने मला वाचवलं होतं. मी दर रविवारी येऊन चपळाईचे, दमाचे, हिंमतीचे दाखले देत होतो, आणि तो ताक पीत ते सगळे मान्य करत शेवटचा दरवाजा तेवढा अडवून धरत होता. हे कळल्याने मला त्याची दया यायला हवी होती. मला राग आला. माझ्या जिंकण्यावर त्याने तीस वर्षं स्वतः पहारा दिला होता आणि मला सांगितलं नव्हतं.

"अण्णा, तिथे मी हरलो असतो," मी म्हणालो. "वाईट हरलो असतो. पण माझा मी हरलो असतो. हे तू केलंस."

वैनी कॉफी घेऊन आली. आमच्या दोघांच्या तोंडांकडे तिने पाहिलं, पेले टेबलावर ठेवले आणि परत आत गेली. आज तिने कोणाला बाहेर बसवायला सांगितलं नाही.

अण्णाने पेला उचलला नाही. मी लहान होतो तेव्हा शाळेची फी भरून आल्यावर तो जसा माझ्याकडे पाहायचा, तसंच त्याने आता पाहिलं. म्हणाला, "आणि उठला नसतास तर? आईला जाऊन मी काय सांगितलं असतं?"

आई जाऊन नऊ वर्षं झाली, आणि ती गेली तेव्हा आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना बसलो होतो. तिच्यापुरतं अण्णाचं बरोबर होतं. माझ्यापुरतं नव्हतं. आणि हे दुसरं त्याच्याकडून कबूल करून घ्यायला मला आता आणखी तीस वर्षं मिळणार नाहीत.